मानधन नाही, माया भरपूर

माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गुनसानच्या बंदराकडून येणारा रस्ता हेसोंग वसाहतीकडे वळतो, त्या कोपऱ्यावर. आमच्या कोरियात कुणाचा मुलगा सरकारी परीक्षा पास झाला, कुणाच्या वडिलांना सत्तर वर्षं झाली, कुणाचा जावई साहेब झाला, की दुसऱ्या दिवशी चौकात पाच मीटरचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. नाही लागला तर लोक धरून चालतात की काही झालंच नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांची फुशारकी मीटरच्या भावानं विकतोय. माणूस मजकूर सांगायला लागला की दुसऱ्या ओळीला मला कळतं, हा किती पाण्यात आहे.

पण बांग ग्योंग-रानबाईंसारखं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

बाई हेसोंग वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. वसाहतीतल्या सातशे घरांची छपाई कुणाकडे जायची ते त्यांच्या शब्दावर ठरतं, म्हणून मी त्यांना अध्यक्षबाई म्हणतो आणि त्या आल्या की खुर्ची पुसून देतो. वय पन्नाशीच्या अलीकडे, केस आखूड आणि कुरळे करून घेतलेले, उन्हासाठी कपाळभर टोपी. चालतात अशा, की समोरच्यानंच बाजूला व्हावं. वसाहतीत सगळ्यांना वाटतं, बाई राजधानीकडच्या. मला खरं माहीत आहे. त्यांचा जन्म बंदरावरच्या सुक्या मासळीच्या गल्लीतला. त्यांचे वडील मासळी वाळवायचे आणि शेजारच्या गाळ्यात माझे वडील बर्फ फोडायचे. त्यात लाजण्यासारखं काय आहे? काही नाही. पण बाई आज बाजारात मासळीच्या दुकानासमोरून जाताना नाकाला रुमाल लावतात.

लग्नाआधी त्या बँकेत काउंटरवर होत्या. एकदा कोणी परदेशी खलाशी पैसे बदलायला आला आणि त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या टेबलावरची, दोन वर्षांनी धाकटी मुलगी उठली, त्याच्याशी फाडफाड बोलली, आणि पुढच्या बढतीला तिचं नाव लागलं. हे बाईंनीच मला एकदा सांगितलं. दुःख खरं होतं, मी नाकारत नाही. पण खऱ्या दुःखाचं बिल भलत्याच माणसाच्या नावे फाडायचं, हे काही मला पटलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी, त्यांची राओन पाच वर्षांची असताना, त्या पहिल्यांदा तो कागद घेऊन आल्या.

"मालक, एवढं छापून द्या. रंगीत. परदेशी शिक्षक बसतात ना, त्या कॉफीच्या दुकानांत चिकटवायचंय. आणि फोनवर पण द्या, इंटरनेटवर त्यांचा कट्टा असतो, तिथे टाकीन."

मजकूर असा होता: प्रेमळ कोरियन कुटुंबाला प्रेमळ परदेशी शिक्षक हवा. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास. पदवी आवश्यक. दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. उच्चार शुद्ध हवेत. अंगावर गोंदण नको. दारू-सिगारेट नको. सुट्टी हवी असल्यास महिनाभर आधी कळवावे. फोटो पाठवावा. आणि सगळ्यात खाली, लाल बदामाच्या चित्राशेजारी: मानधन नाही, माया भरपूर. घरचं जेवण आणि कोरियन संस्कृतीचा अनुभव.

मी म्हटलं, "अध्यक्षबाई, पगार नाही तर एवढ्या अटी?"

"अटी नकोत? माझ्या घरात येणार ना माणूस?"

"पण येईल का?"

"का नाही येणार? एकटी असतात हो बिचारी. घरदार सोडून इतक्या लांब आलेली. त्यांना आईच्या हातचं कोण करून घालतं? मी घालणार. उपकारच आहेत की हे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघा, वसाहतीत कुणाला हा कागद दाखवू नका. तिथे मी सांगितलंय, चांगली जबरदस्त फी देऊन शिक्षिका ठेवतेय म्हणून."

भीक मागायची ती अटी घालून, वर भीक घालणाऱ्यावरच उपकार, आणि शेजाऱ्यांत श्रीमंतीचा डांगोरा. एका दगडात तीन पक्षी मारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. जाताना घासाघीस करून त्यांनी माझ्याकडूनही दोन प्रती फुकट काढून घेतल्या.

आणि माणसं आली! पहिला तांबड्या दाढीचा आयरिश पोरगा. तो येता-जाता मला फोनवर जेवणाचे फोटो दाखवायचा, त्यामुळे मायेचा आलेख मला बघायला मिळाला. पहिल्या आठवड्यात त्याला बरगड्यांचं कालवण, पाच प्रकारची लोणची आणि कापलेले पेअर. दुसऱ्या आठवड्यात पाकिटातली करी. महिना संपता संपता साध्या शेवया, त्याही राओनच्या उरलेल्या. पोरगा सातव्या आठवड्यात गायब झाला. त्यानंतर एक कॅनडाची मुलगी आली, तिला बाई स्वयंपाकघरातली भांडीही विसळायला लावायच्या, "घरच्यासारखं वाटावं म्हणून." मग एक न्यूझीलंडचा गृहस्थ, मग आणखी दोघं. प्रत्येक जण गेला की बाई माझ्याकडे यायच्या, जुनीच जाहिरात काढायला सांगायच्या, आणि म्हणायच्या, "या लोकांना मायेची किंमतच नाही." दर वेळी एखादी अट वाढायची. कॅनडावालीनंतर "रडकी नको" असं त्यांना घालायचं होतं, ते मीच खोडायला लावलं.

मग दोन वर्षांपूर्वी थांडेका आली.

ती दक्षिण आफ्रिकेची, तिकडच्या कुठल्याशा डोंगराळ भागातली. उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधणारी, हसली की दुकान भरून जायचं. आमच्या नाक्यावरच्या इंग्रजीच्या क्लासात शिकवायची. कोरियन भाषा तिनं वर्षात अशी उचलली की भाजीवाल्याशी भांडायची. घरी आई आणि फेझेका नावाची धाकटी बहीण. फेझेका नर्सिंगला होती आणि तिचं शिक्षण थांडेकाच्या पगारावर चाललं होतं. तिला क्लासातून जाता-येता माझ्या दुकानात डोकावायची सवय होती. एखाद्या पाटीवर इंग्रजी मजकूर असला तर त्यावर एक नजर टाकायची, पेन घेऊन चार खुणा करायची, मी तिला कागदी कपातून कॉफी द्यायचो, आणि ती फेझेकाचे फोटो दाखवायची. आमची दोस्ती होती.

बाईंच्या घरी ती का गेली? मी तिला विचारलं होतं. म्हटलं, "टीचर, तुम्ही हुशार आहात. मग या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?"

ती म्हणाली, "मालक, ती मुलगी बोलतच नाही. इंग्रजी राहू द्या, तुमच्या भाषेतसुद्धा बोलत नाही. पहिल्या दिवशी मी दोन तास बसले, तिनं मान हलवली, बस. तिची आई दारात उभी राहून सारखी म्हणत होती, बोल, बोल, टीचर वाट बघतायत. मला फेझेका आठवली. तीही लहानपणी अशीच होती."

म्हणजे जाहिरातीतली माया होती, पण ती घराच्या बाहेरून आत येत होती.

संस्कृतीचा अनुभवही तिला मिळाला. नोव्हेंबरात घरोघरी हिवाळ्याचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात. बाईंनी तिला रविवारी बोलावलं. पाहते तर मीठ लावून ठेवलेले ऐंशी कोबी, आणि तिच्यासाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाईंच्या दोन्ही जावांनी कमरेचं दुखणं काढून दांडी मारली होती. सकाळपासून अंधार पडेपर्यंत थांडेका पानापानाला तिखट चोळत बसली. बाईंनी तिचे फोटो काढले आणि मंडळाच्या गटात पाठवले: आमच्या टीचरना संस्कृतीची फार आवड. सणाला भेट म्हणून शाम्पू-साबणाचा खोका दिला, रेशमी कापडात गुंडाळून. आत बाईंच्या नवऱ्याच्या कारखान्याचं कार्ड तसंच होतं, "कामगार बंधूंना शुभेच्छा." थांडेकानं ते मला दाखवलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पण राओन बोलायला लागली. आधी थांडेकाशी, मग शाळेत, मग एक दिवस माझ्या दुकानात येऊन स्वतःच्या तोंडानं पुठ्ठा मागितला. या मे महिन्यात प्रांताची इंग्रजी भाषणाची स्पर्धा झाली आणि दोन वर्षांपूर्वी नुसती मान हलवणाऱ्या त्या पोरीला सुवर्णपदक मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोच अध्यक्षबाई हजर.

"मालक, पाच मीटर नको. सात."

मजकूर त्यांनी लिहूनच आणला होता. अभिनंदन! इमारत क्रमांक १०३ ची राओन, प्रांतात पहिली! खाली उजव्या कोपऱ्यात थांडेकाचा हसरा फोटो आणि ठळक अक्षरांत: घरी येऊन खासगी मार्गदर्शन करणाऱ्या थांडेका टीचर.

माझा हात थबकला. परदेशी शिक्षकाचा व्हिसा ज्या क्लासचा असतो त्या क्लासपुरताच असतो, बाहेर शिकवणी केली तर त्याचं चंबूगबाळं आवरलं जातं, हे आमच्या नाक्यावर लहान पोराला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अध्यक्षबाई, टीचरचं नाव कशाला? राओनचं पुरे ना."

"वा! मग लोकांना कळायचं कसं, मी घरी खासगी शिक्षिका ठेवली होती ते? आणि तिलाही बरं वाटेल. आभार मानायला नकोत?"

मी छापला. सात मीटरचं गिऱ्हाईक, महिला मंडळ, पुढे वसाहतीची निवडणूक आणि तिचं काम. ते सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी बटण दाबलं.

फ्लेक्स वसाहतीच्या फाटकावर लागला. थांडेका येऊन बघून गेली; फी घेत नाही म्हणजे भीती नाही, असं धरून तिनं राओनबरोबर त्याखाली फोटोही काढून घेतला. बाराव्या दिवशी तिला इमिग्रेशनच्या कचेरीचं पत्र आलं. तक्रार कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे तक्रार करायला शत्रू लागत नाही, शेजारी पुरतो.

त्या संध्याकाळी ती दुकानात आली ती खुर्चीवर बसलीच नाही. म्हणाली, "मालक, पैसे घेऊन शिकवण्या करते असा आरोप आहे. ऑगस्टमध्ये माझा व्हिसा वाढायचा होता, तो थांबवलाय. पुढच्या गुरुवारी बोलावलंय. पैसे घेतले नाहीत हे दाखवता आलं नाही तर जावं लागेल."

"आणि फेझेका?"

"तिचं शेवटचं वर्ष आहे. मला फक्त हे एक वर्ष हवंय." मग म्हणाली, "राओनच्या आईनं दोन ओळी लिहून दिल्या तर काम होईल. तुम्ही याल माझ्याबरोबर? रागात माझी भाषा गडबडते. तुम्ही वडीलधारे आहात."

गेलो. इमारत १०३, बारावा मजला. बाईंनी पिवळी खरबुजं कापून ठेवली, फोडींना काटे टोचले, बसा बसा केलं. थांडेकानं गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी कागद पुढे केला. त्यावर एवढंच टाइप केलं होतं की दोन वर्षांत या शिक्षिकेला कोणताही मोबदला दिलेला नाही. खाली सहीची जागा.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. "अहो टीचर, तुमच्यासाठी मी काय वाट्टेल ते करीन. पत्र देते ना, तुम्ही किती चांगल्या आहात त्याचं. मानचिन्ह करून घेते काचेचं, मालक करतील. पण हे? हे लिहून देऊ? की बांगबाईनं दोन वर्षं फुकट शिकवून घेतलं?"

मी म्हटलं, "घेतलंच आहे की."

"मालक, तुम्ही मध्ये बोलू नका. हा कागद कचेरीत जाईल, कचेरीतून बाहेर येईल. सगळ्या वसाहतीला सांगितलंय मी, तासाला किती देते ते. १०५ मधल्या बायका माझं बघून कर्ज काढून पोरांना क्लास लावतायत. त्यांच्यापुढे मी काय तोंड दाखवू?"

थांडेका हळूच म्हणाली, "राओनच्या आई, मला देशाबाहेर काढतील."

"छे हो! इतकं काही नसतं. तुम्ही साधं हसून सांगा त्यांना. तुमचं हसणं किती छान आहे!"

खोलीचं दार किलकिलं होतं. राओन तिथे उभी होती, किती वेळ कोण जाणे. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, पण तू कधीच पैसे दिले नाहीस. मी रोज तिथेच होते."

"राओन, आत जा."

"तूच म्हणालीस, फुकट आहे तोवर शिकून घे."

"आत जा म्हटलं ना!"

सुवर्णपदक मिळवून देणारा तो आवाज दार लावून बंद केला गेला. बाईंनी आम्हाला जाताना खरबुजाच्या फोडी डब्यात भरून दिल्या. थांडेकानं डबा घेतला नाही. लिफ्टमध्ये ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी घरी गेलो आणि बाईंना मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की बंदरावरच्या हमालांनी शिकून घ्याव्यात. शिव्या घालायला काय जातं? खरं तर बाईंच्या सहीची गरजच नव्हती. माझ्या संगणकात त्यांच्या सहा जाहिराती होत्या, सहाही तारखांसकट. मानधन नाही, मानधन नाही, मानधन नाही. नुसतं छापून कचेरीत न्यायचं होतं. पण नेल्या की वसाहतीचं काम गेलं. निवडणूक तोंडावर होती, प्रत्येक इमारतीचा उमेदवार, प्रत्येकाचे दोन फ्लेक्स. शुक्रवार गेला, शनिवार, रविवार, सोमवार गेला. मी स्वतःला सांगत होतो, बाई विरघळतील. बाई काय विरघळणार? बुधवारी थांडेका दुकानासमोरून गेली आणि पहिल्यांदाच आत डोकावली नाही. हातात रिकामे खोके होते, सामान भरायचे. तेव्हा मात्र माझी मलाच किळस आली. मी सहाही कागद छापले.

गुरुवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी पायरीवर. अधिकारी एक तरुण बाई होती, स्वेटरच्या बाह्या वर केलेली, बोलायला मऊ. तिनं कागद एकेक करून वाचले. "गोंदण नको" ला तिला हसू आलं, ते तिनं आवरलं.

"हे महत्त्वाचं आहे," ती म्हणाली. "पण यावरून एवढंच कळतं की पैसे देण्याचा विचार नव्हता. दिलेच नाहीत, हे कशावरून? दोन वर्षं कोण फुकट शिकवतं, आजोबा?"

आजोबा म्हणाली त्याचा रागही मला तेव्हा आला नाही, इतका मी तावात होतो. म्हटलं, "ती शिकवते! तुम्ही ओळखत नाही तिला. ती पैसे मागणाऱ्यातली नाहीच. मी छातीठोक सांगतो."

"तुम्ही कशावरून सांगता?"

"कशावरून म्हणजे? दोन वर्षं माझ्या सगळ्या पाट्यांचं इंग्रजी तीच बघते. हॉटेलांच्या, बंदरावरच्या, दातांच्या दवाखान्याच्या. एका शब्दानं कधी..."

आणि तिथे मी थांबलो.

तिनं पेन उचललं होतं. "किती पाट्या असतील?"

"आठवड्याला एक. कधी दोन."

"गिऱ्हाइकांकडून इंग्रजी मजकुराचे वेगळे पैसे घेता?"

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याकडे बघत राहिलो. "घेतो."

"आणि त्यातलं त्यांना?"

"कॉफी द्यायचो," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू आला.

ती काही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला आणि सांगितलं, की हे लिहून दिलंत तर शिक्षिकेच्या बाजूचा पुरावा होईल, कारण त्यात तुमचा फायदा काही नाही, उलट परवानगीशिवाय परदेशी माणसाकडून काम करून घेतल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो, विचार करा. सहा दिवस दुसऱ्या बाईच्या नावानं मी नाकानं कांदे सोलत होतो, आता कसला विचार? मी लिहिलं. मी, प्यो सांग-इल, फ्लेक्सचा दुकानदार, याने दोन वर्षे या शिक्षिकेकडून इंग्रजी मजकूर तपासून घेतला व तिला काहीही दिले नाही. दुसऱ्यांचे मजकूर छापण्यात जन्म गेला, पण एवढा कठीण मजकूर हातून कधी गेला नव्हता. खाली, आमच्याकडे रीत आहे तसा, अंगठ्याचा ठसा उमटवला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. थांडेकाला लेखी ताकीद मिळाली आणि क्लासबाहेर फुकटसुद्धा शिकवणार नाही असं तिनं लिहून दिलं. व्हिसा वाढला. मलाही एक ताकीद मिळाली, ती मी गल्ल्याखाली ठेवली आहे. वसाहतीच्या निवडणुकीचे फ्लेक्स बस स्टँडजवळच्या दुकानात गेले, ते जाणारच होते.

थांडेका आनंदानं तांदळाच्या वड्या घेऊन दुकानात आली. मी एक पांढरं पाकीट तयार ठेवलं होतं, लग्नामर्तिकाला देतो तसं, दोन्ही हातांनी पुढे केलं. तिनं ते उघडलं नाही, नुसतं पाहिलं, आणि तिला कळलं.

"मालक, तुम्ही इतकी धडपड करून सिद्ध केलंत की मी कुणाचा पैसा घेतला नाही. आता हे घेतलं तर आपण दोघंही खोटे पडू."

"मग मी काय करू?"

"काही नाही करता येणार," ती म्हणाली. रागानं नाही, होतं तसं सांगितलं. टेबलावर एका बेकरीची अर्धी झालेली पाटी होती. सवयीनं तिची नजर तिच्यावरून फिरली, हात पेनाकडे गेला, मग तिनं तो मागे घेतला आणि पिशवी उचलली. तेव्हापासून ती रस्त्यावर भेटते, हात करते, फेझेका कशी आहे ते सांगते. दुकानात येत नाही.

आणि अध्यक्षबाई? आमचा समज होता की त्यांचं हसं होईल. कसलं हसं! बातमी फुटायच्या आधी त्यांनीच ती फिरवली. मंडळात सांगितलं, "टीचर म्हणजे माझी मुलगीच हो. मी पैसे पुढे करायचे, ती परत करायची. असं नातं होतं आमचं." बायकांनी डोळे पुसले. राओन मात्र आता आईसमोर इंग्रजीचा एक शब्द काढत नाही, एवढंच मी ऐकून आहे.

सप्टेंबरात बाई दुकानात आल्या. टोपी तीच, चाल तीच.

"मालक, ती जुनी जाहिरात असेल ना तुमच्याकडे? तेवढी काढा. थांडेका टीचर आता यायच्या नाहीत. तारीख बदला, आणि 'कचेरीची भानगड नसलेली' असं घाला कुठेतरी."

या दिवसाची मी वाट बघत होतो. वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. खुर्ची पुसली नाही, बसाही म्हटलं नाही. "अध्यक्षबाई, ही जाहिरात माझ्या दुकानात होणार नाही. माणसाला फुकट राबवायचं आणि त्याला माया म्हणायचं, हे छापायला माझी शाई नाही. लाज वाटायला हवी थोडी."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे कागदी कपांची चळत होती आणि शेजारी कॉफीची पाकिटं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीही लिहून दिलंत म्हणे तिकडे, स्वतःबद्दल. क्लासवाल्यांनी सांगितलं मला." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "मी निदान जेवायला तरी घालत होते, मालक. तुम्ही काय देत होतात?"

मी कपांची चळत उचलून टेबलाखाली ठेवली. वर पाहिलं तोवर टोपी कपाळावर ओढून त्या निघून गेल्या होत्या.